ना कडी, ना कान

चुलीवरचं तापलेलं पातेलं उतरवायला आपण सांडशी घेतो. पातेल्याला कान नसतात, कडी नसते. पण निदान काठ असतो, आणि सांडशीला तेवढा काठ पुरतो. आता काठही नसलेली एक वस्तू डोळ्यांपुढे आणा. पूर्ण गोल, कुठूनही पाहिली तरी सारखीच. टोक नाही, खाच नाही, चिकटपणा नाही. शिवाय इतकी लहान की अशा दहा लाख वस्तू एकीला एक लावून ठेवल्या तर रांग जेमतेम एक मिलिमीटरची होईल. ही वस्तू धरायची आहे, आणि तीही तिच्यासारख्याच दिसणाऱ्या भावंडांच्या गर्दीतून नेमकी तेवढीच उचलून. धरायला साधन काय, तर दुसरा एक रेणू.

ही वस्तू म्हणजे सी-६०, फुलरीन घराण्यातला सर्वांत प्रसिद्ध रेणू. सप्टेंबर १९८५ मध्ये ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात हॅरोल्ड क्रोटो, रॉबर्ट कर्ल आणि रिचर्ड स्मॉली यांनी जेम्स हीथ, शॉन ओब्रायन या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन ग्रॅफाइटवर लेसरचा मारा केला. उडालेल्या वाफेतून कार्बनचे पुंजके तयार झाले. त्यांचं वजन मोजणाऱ्या यंत्रात एक रेघ बाकीच्यांच्या कितीतरी वर गेलेली दिसली. आकडा होता ७२०. कार्बनच्या एका अणूचं वजन १२ धरलं, तर हे साठ अणू झाले. साठ अणूंनी इतकं हट्टाने एकत्र राहावं असा आकार कोणता? बारा पंचकोन आणि वीस षटकोन शिवून केलेला फुटबॉल. मॉन्ट्रियलच्या १९६७ सालच्या प्रदर्शनात बकमिन्स्टर फुलर यांनी उभारलेल्या घुमटाची आठवण ठेवून त्याचं नाव पडलं आणि १९९६ साली तिघांना नोबेल मिळालं.

पण तेव्हाचा सी-६० यंत्रातल्या रेघेपुरताच होता. बाटलीत भरून ठेवावा असा नव्हता. ते काम १९९० मध्ये झालं. हायडेलबर्गचे वोल्फगांग क्रेचमर आणि ॲरिझोनातल्या टूसॉनचे डोनाल्ड हफमन यांनी, आपल्या सहकाऱ्यांसह, हेलियम वायूत ग्रॅफाइटच्या सळया विजेने तापवून जी काजळी मिळवली, ती बेंझिनमध्ये ढवळली. द्रव लालसर झाला. साधी काजळी बेंझिनमध्ये विरघळत नाही. विरघळला होता तो फुलरीन.

आणि अडचण तिथूनच सुरू झाली. त्या लालसर द्रवात सी-६० एकटा नसतो. तीन-चतुर्थांशाहून थोडा जास्त भाग त्याचा, उरलेल्यात मुख्यतः सी-७०, आणि मग सी-७६, सी-७८, सी-८४ अशी मोठी भावंडं थोड्या थोड्या प्रमाणात. सी-७० म्हणजे त्याच चेंडूच्या कमरेत दहा अणूंचा पट्टा घालून लांबवलेला, अंड्याकडे झुकणारा आकार. सगळे शुद्ध कार्बनचेच, सगळे गोलसर. टोल्युइनमध्ये सी-६० विरघळला की जांभूळ खाल्ल्यावर जीभ होते तसा रंग येतो. सी-७० चा रंग लालसर. डोळ्यांना फरक कळतो, पण डोळ्यांनी वेगळे काढता येत नाहीत.

सुरुवातीला हे काम क्रोमॅटोग्राफीने होई. ॲल्युमिनाच्या भुकटीने भरलेल्या उभ्या नळीतून मिश्रण हेक्सेनबरोबर सोडायचं. सी-६० पुढे सरकतो, सी-७० मागे रेंगाळतो. पद्धत चांगली, पण हेक्सेनमध्ये सी-६० जवळजवळ विरघळतच नाही. एका मिलिलिटरमध्ये फार तर ०.०४ मिलिग्रॅम. म्हणजे एक ग्रॅम, चिमूटभर भुकटी, नुसती विरघळवायलाच पंचवीस लिटर हेक्सेन लागणार. असल्या धाटणीने किलोभर माल कधी निघायचा?

म्हणून रसायनशास्त्रज्ञांना वाटलं, हा चेंडू ओळखून धरणारा, आणि बाकीच्यांना सोडून देणारा, एखादा रेणूच घडवता येईल का? अशा रेणूला ग्राही रेणू म्हणतात. या शाखेत धरणाऱ्याला यजमान आणि धरला जाणाऱ्याला पाहुणा म्हणायची पद्धत आहे, आणि ती मला फार आवडते. कारण चांगल्या यजमानाला पाहुण्याला बसवून घेता आलं पाहिजे आणि वेळ आली की निरोपही देता आला पाहिजे.

कल्पना जुनीच. १८९४ मध्ये एमिल फिशर यांनी विकरं आपल्या रेणूला कुलूप-किल्लीसारखी ओळखतात असं म्हटलं होतं. १९८७ चं रसायनशास्त्राचं नोबेल चार्ल्स पेडरसन, डोनाल्ड क्रॅम आणि झां-मारी लेन यांना याच विद्येसाठी मिळालं. पण त्यांच्या पाहुण्यांना धरायला काहीतरी होतं. पेडरसन यांचा मुकुटाकार ईथर पोटॅशियमचा आयन पोटात घेतो. आयनावर धन प्रभार असतो आणि मुकुटातले ऑक्सिजनचे अणू आपली ऋण बाजू त्याच्याकडे वळवून बसतात. शरीरातले ग्राही हायड्रोजन बंधांच्या आकड्यांनी पाहुणा अडकवतात. सी-६० वर ना प्रभार, ना हायड्रोजन, ना ऑक्सिजन. त्याचे साठही अणू एकमेकांशी इतके समसमान की कार्बनची चुंबकीय वर्णपटलं काढली तर साठ अणूंची मिळून एकच रेघ येते. कडी नाही, कान नाही, काठ नाही.

मग उरतं काय? उरतो तो स्पर्श. कोणतेही दोन रेणू फार जवळ आले की त्यांच्या इलेक्ट्रॉनांच्या ढगांमध्ये क्षणोक्षणी होणाऱ्या चढउतारांमुळे एक हलकं आकर्षण तयार होतं. एका बिंदूपाशी ते नगण्य असतं, पण पृष्ठभाग जितका मोठा लागेल तितकं ते साचत जातं. लाडू वळताना आपण बोटांच्या टोकांनी वळत नाही. तळव्याला खोलगट करून सगळा तळवा लाडवाला लावतो. इथेही तेच. बाहेरून फुगीर असलेल्या चेंडूला आतून तितकाच खोलगट यजमान हवा. दुसरी मदत इलेक्ट्रॉनांची. सी-६० ला इलेक्ट्रॉन घ्यायची मोठी हौस आहे. योग्य परिस्थितीत तो एकामागून एक सहा इलेक्ट्रॉन घेतो. म्हणून यजमान इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत दानशूर असला, तर पकड आणखी घट्ट होते.

पहिलं मोठं यश मात्र इतक्या हिशेबी आखणीतून आलं नाही. ते एका स्वस्त भांड्यातून आलं. फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड मिळून बेकेलाइट होतं, जुन्या काळ्या टेलिफोनचं प्लास्टिक. त्याच घराण्यातली रसायनं जपून, योग्य तापमानाला एकत्र आणली तर प्लास्टिकऐवजी फिनॉलच्या कड्यांची बंद माळ होते. चार कड्यांची माळ ग्रीक पेल्यासारखी दिसते म्हणून डेव्हिड गुत्शे यांनी या रेणूंना कॅलिक्सारीन म्हटलं. १९९४ मध्ये अमेरिकेतले जेरी ॲटवूड आणि ऑस्ट्रेलियातले जॉर्ज कुत्सांतोनिस व कॉलिन रॅस्टन यांनी, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे जपानमध्ये सेइजी शिंकाई यांच्या गटाने, आठ कड्यांचं कॅलिक्सारीन फुलरीनच्या कच्च्या द्रावणात घालून पाहिलं.

हा प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. चंबूत काजळीतून काढलेलं टोल्युइनचं गडद द्रावण आहे. त्यात सी-६०, सी-७० आणि मोठी भावंडं सगळी एकत्र. वरून कॅलिक्सारीनची पांढरी भुकटी घालायची, गरम करून विरघळवायची आणि चंबू स्वस्थ ठेवून द्यायचा. हळूहळू पिवळट-तपकिरी स्फटिक धरू लागतात. जांभळा रंग द्रवातून जात राहतो, कारण सी-६० स्फटिकात ओढला जातो. सी-७० बहुतांशी वर द्रावणात राहतो. स्फटिक गाळून घ्यायचे, टोल्युइनमधून पुन्हा घडवायचे. आता त्यांच्यावर क्लोरोफॉर्म ओतायचा. कॅलिक्सारीन क्लोरोफॉर्ममध्ये सहज विरघळतं, सी-६० फारसा विरघळत नाही. यजमान उठून निघून जातो, पाहुणा काळी भुकटी होऊन तळाशी बसतो. गाळला की हातात ९९.५ टक्क्यांहून शुद्ध सी-६०, आणि क्लोरोफॉर्म उडवला की कॅलिक्सारीन परत वापरायला मोकळं. ना लांब नळी, ना पंचवीस लिटर हेक्सेन.

पुढे या स्फटिकांचा अभ्यास झाला तेव्हा लक्षात आलं की एकेका पेल्यात एकेक चेंडू असं साधं चित्र इथे नसावं. चेंडूंचे लहान घोळके आणि त्यांच्याभोवती कॅलिक्सारीनचं कुंपण, असं रॅस्टन-ॲटवूड यांचं म्हणणं पडलं. द्रावणात तर या दोघांची जवळीक फार क्षीण असते. निवड होते ती स्फटिक जुळून येताना. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण ग्राही रेणू म्हटलं की आपल्या मनात एक पेला आणि एक चेंडू एवढंच येतं, आणि प्रत्यक्षात कधी कधी अख्खी पंगत मिळून निवड करत असते.

पंगतीवर भरवसा न ठेवता एकट्याने चेंडू धरणारा यजमान घडवायचा, ही पुढची ओढ होती. त्यात पहिला धक्का पॉर्फिरिनने दिला. पॉर्फिरिन म्हणजे हिमोग्लोबिनमध्ये लोह आणि हरितद्रव्यात मॅग्नेशियम ज्याच्या मध्यभागी बसतं त्या घराण्यातला रेणू, ताटासारखा सपाट. गोल वस्तूला सपाट ताट काय धरणार? पण १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातले क्रिस्टोफर रीड, ऑकलंडचे पीटर बॉइड आणि त्यांचे सहकारी एका पॉर्फिरिन जोडलेल्या फुलरीनचा स्फटिक तपासत होते, तेव्हा त्यांना एका रेणूचा चेंडू दुसऱ्या रेणूच्या ताटाला अगदी लगटून बसलेला दिसला. ग्रॅफाइटच्या दोन थरांत ०.३३५ नॅनोमीटर अंतर असतं, इथे ०.२७ ते ०.३० नॅनोमीटर. कुणी आखलेलं नव्हतं. चेंडूवरचा दोन षटकोनांमधला, इलेक्ट्रॉनांनी भरलेला सांधा नेमका ताटाच्या मध्यावर आला होता. मग त्यांनी दोन ताटं एका बिजागरीने जोडली आणि त्या रेणूला जबडा असंच नाव दिलं. टोकियो विद्यापीठात ताकुझो आइदा आणि केंतारो ताशिरो यांनी १९९९ मध्ये दोन जस्त-पॉर्फिरिनं दोन्ही बाजूंनी जोडून बंद कडंच केलं. त्याची पकड बिजागरीवाल्या जबड्यापेक्षा पुष्कळ घट्ट ठरली, कारण बंद कड्याला आधी उघडावं, वळावं, मिटावं लागत नाही. पाहुणा येण्याआधीच घर तयार असतं.

मात्र सपाट ताटांना एक खोड आहे. त्यांना सी-७० जास्त आवडतो. अंड्याची लांब बाजू चेंडूपेक्षा कमी वळलेली, म्हणून तिचा स्पर्श मोठा. आइदांच्या गटाने या खोडीचाच उपयोग करून घेतला आणि आणखी मोठ्या कड्यांनी शंभराहून अधिक अणूंचे दुर्मीळ फुलरीन काजळीतून वेचून काढले.

वाटीसारखा यजमान हवा तर वाटीसारखा रेणूही आहे. कोरॅन्युलीन, मध्ये एक पंचकोन आणि भोवती पाच षटकोन. तो म्हणजे सी-६० च्या सालीचा कापून काढलेला तुकडाच म्हणा ना. १९६६ पासून माहीत होता. एकटी वाटी द्रावणात चेंडू धरत नाही, ती फार उथळ आहे. मिसिसिपी राज्य विद्यापीठात आंद्झेय सिगुला यांनी २००७ मध्ये अशा दोन वाट्या एका ताठ सांध्याने समोरासमोर बसवल्या, दोन्ही तळव्यांनी चेंडू झेलावा तशा. या रेणूत कार्बन आणि हायड्रोजन सोडून दुसरं काही नाही. आणि त्यातले कार्बन मोजले तर बरोबर साठ भरतात. साठ कार्बनच्या चेंडूला साठ कार्बनची ओंजळ.

या सगळ्यांत मला जो यजमान सर्वांत देखणा वाटतो तो बांगडी आहे. बेंझिनच्या कड्या एकीला एक जोडत नेल्या आणि टोकाला टोक मिळवलं की सायक्लोपॅराफेनिलीन होतं. कागदावर काढायला सोपं, बनवायला महाकठीण, कारण बेंझिनच्या कड्यांची सरळ काठी होते आणि काठीला वाकायचं नसतं. बर्कलेमध्ये रमेश जस्ती आणि कॅरोलिन बर्टोझी यांनी २००८ मध्ये पहिल्यांदा ती वाकवली. त्यांची युक्ती अशी की काही कड्या आधी बेंझिनच्या नसतातच. वाकायला तयार असलेल्या कड्यांनी वर्तुळ पुरं करायचं आणि शेवटी त्यांचं बेंझिन करायचं.

बांगडी झाली की प्रश्न मापाचा. कासार हात दाबून पाहतो आणि माप सांगतो. इथे मापाचा हिशेब मांडता येतो. सी-६० च्या एका बाजूच्या अणूपासून समोरच्या अणूपर्यंत ०.७१ नॅनोमीटर. दहा कड्यांच्या बांगडीचा व्यास सुमारे १.३८ नॅनोमीटर. वजा केले तर उरतात ०.६७, दोन्ही बाजूंना निम्मे निम्मे ०.३३५. हा आकडा वर येऊन गेला आहे. ग्रॅफाइटचे थर, कार्बनच्या सपाट जाळ्या, एकमेकींपासून इतक्याच अंतरावर सुखाने राहतात. एक कडी कमी केली तर व्यास सुमारे ०.१४ नॅनोमीटरने घटतो आणि बाजूची फट ०.२६५ वर येते. चेंडूला श्वास घ्यायला जागा नाही. एक कडी वाढवली तर फट ०.४० होते आणि चेंडू आत खुळखुळतो.

क्योतोमध्ये शिगेरू यामागो यांच्या गटाने २०११ मध्ये हा हिशेब द्रावणात उतरवून पाहिला. आठपासून बारा कड्यांपर्यंतच्या बांगड्यांच्या मिश्रणात सी-६० टाकला. दहाच्या बांगडीने त्याला घेतलं, बाकीच्या तशाच राहिल्या. या बांगड्या प्रकाशात चमकतात. चेंडू आत बसला की चमक विझते, आणि किती विझली त्यावरून पकड मोजता येते. टोल्युइनमध्ये ती सुमारे २८ लाख निघाली. या आकड्याचा अर्थ असा लावता येतो: लिटरमागे एक मायक्रोमोल मोकळ्या बांगड्या असतील, तर दर चार चेंडूंपैकी जवळपास तीन बांगडीत बसलेले सापडतील. दोन वाट्यांच्या ओंजळीचा टोल्युइनमधला आकडा काही हजारांचा आहे. तेवढ्याच विरळ द्रावणात तिच्या हाती शंभरातला एकही चेंडू लागणार नाही. वाट्या दोन बाजूंनी धरतात, बांगडी सगळ्या कमरेला. सी-७० चं आणखी गमतीशीर आहे. दहाच्या बांगडीत तो बोटासारखा लांबीने आरपार बसतो, अकराच्या बांगडीत आडवा होऊन आपली लांबी बांगडीच्या रुंदीत सामावतो. माप बदललं की पाहुणा आपली बैठक बदलतो.

टोल्युइनचं नाव इतक्या वेळा आलं ते उगाच नाही. यजमान आणि पाहुणा यांच्यात द्रावक कायम तिसरा असतो. टोल्युइन स्वतः बेंझिनच्याच कुळातला. तो चेंडूला चारी बाजूंनी बिलगून असतो, बांगडीच्या पोकळीतही शिरून बसलेला असतो. पकड बसायची तर त्याला आधी उठवावं लागतं. म्हणून सी-६० ज्यात खूप विरघळतो अशा द्रावकात पकड सहसा ढिली पडते आणि ज्यात तो जेमतेम विरघळतो तिथे घट्ट होते. पाणी हे या बाबतीतलं टोक. सी-६० ला पाण्यात थाराच नाही. स्वीडनमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये स्टार्चपासून मिळणारं गॅमा-सायक्लोडेक्स्ट्रिन, आठ ग्लुकोजची टोपलीसारखी कडी, पाण्यात सी-६० बरोबर दीर्घकाळ उकळलं आणि पाणी रंगलं. टोपलीचं तोंड चेंडूला अपुरं आहे, त्यामुळे दोन टोपल्या दोन्ही बाजूंनी झाकणासारख्या बसतात. टोपल्यांची बाहेरची बाजू पाण्याला मानवते, आणि आतला चेंडू त्यांच्याबरोबर पाण्यात वावरतो.

इथे एक पेच उभा राहतो. पकड घट्ट करण्याचं कौशल्य वाढत गेलं तसं सोडवणं अवघड होत गेलं. फुलरीन शुद्ध करायचा असेल तर दातखीळ बसल्यासारखा यजमान कामाचा नाही. कॅलिक्सारीनची थोरवी त्याच्या पकडीपेक्षा त्या क्लोरोफॉर्मच्या एका धुण्यात होती. स्पेनमधल्या जिरोना इथे झावी रिबास आणि मिकेल कोस्तास यांच्या गटाने २०१४ मध्ये हा पेच सुरेख सोडवला. त्यांनी दोन जस्त-पॉर्फिरिनं वर-खाली आणि पॅलेडियमवर बेतलेले चार खांब उभे करून पिंजरा बांधला. पिंजऱ्याचे स्फटिक फुलरीनच्या टोल्युइन द्रावणात बुडवले की ते स्पंजासारखे चेंडू आत ओढून घेतात. मग ते स्फटिक योग्य द्रावकांच्या मिश्रणाने धुतले की सी-६० वाहून जातो, सी-७० आतच राहतो. त्याला बाहेर काढायला आम्ल घालून पिंजराच सोडवायचा आणि नंतर आम्लारी घालून पुन्हा बांधायचा.

याच पिंजऱ्याला पुढे निराळं काम मिळालं. सी-६० ला सौर घटांसाठी किंवा औषधांसाठी वापरायचं तर त्याच्यावर दुसरे गट जोडावे लागतात. पण जोडायचे कुठे? दोन षटकोनांमधले तीस सांधे, सगळे एकसारखे. पहिला गट कुठेही बसला तरी चालतं. दुसरा तसाच गट बसायला मात्र आठ निरनिराळ्या जागा, म्हणून आठ निरनिराळे पदार्थ, सगळे मिसळलेले. ते वेगळे करणं म्हणजे पुन्हा लांब नळ्या आणि लिटरच्या लिटर द्रावक.

रिबास यांनी उल्मच्या माक्स फॉन डेलियस यांच्या गटाबरोबर २०२१ मध्ये चेंडूला दहाची बांगडी घातली आणि बांगडीसकट पिंजऱ्यात बसवलं, एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्यांसारखं. आता चेंडूची कंबर बांगडीने झाकलेली, वरचा बराचसा भाग पिंजऱ्याच्या खांबांनी. उघडा राहिला तो खिडक्यांतून दिसणारा थोडासा पृष्ठभाग. अभिक्रियेला आलेला रेणू त्या खिडक्यांतूनच हात घालू शकतो. दुसरा गट जोडला गेला तो आठांपैकी एकाच जागी. मग पिंजरा काढला, बांगडी काढली, आणि ज्याला कडी नव्हती, कान नव्हता, त्या चेंडूवर आता दोन मुठी होत्या, दोन्ही ठरलेल्या जागी.